वाईचे पाच दिवस: घरच्या आठवणी गोळा करायच्या तर

निघण्याआधी

मूळ गावी "एकदा जाऊन येऊ" म्हणून निघालेली मंडळी बहुधा शनिवारी सकाळी पोचतात आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या एसटीत बसतात. देवदर्शन होतं, एक पंगत होते, ओसरीवर सगळ्यांचा फोटो निघतो. आठवणी मात्र जिथल्या तिथेच राहतात. म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवशी काही आठवत नाही, दुसऱ्या दिवशी थोडं आठवतं आणि तिसऱ्या दिवशी ती आपणहून हाक मारून सांगू लागतात. शिवाय २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी तहसील कचेरीत जुने सरकारी कागद ठेवलेल्या अभिलेख कक्षाला कुलूप असतं. गुरुवारी पोचावं आणि सोमवारी निघावं, हा हिशेब त्यावरूनच बसतो. शुक्रवारी अर्ज द्यायचा, सोमवारी नक्कल घ्यायची आणि मधले दोन दिवस घर, शाळा व घाट यांना द्यायचे.

सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या वाईसाठी सगळ्यांत चांगला काळ माघ-फाल्गुन. कृष्णाबाईचे, म्हणजे नदीला देवी मानून होणारे, उत्सव चालू असतात, हळद काढणीला आलेली असते आणि मुंबई-पुण्याची भावकीही याच दिवसांत गावात सापडते.

पिशवीत फार काही लागत नाही. कोरी वही, शिसपेन्सिल (जुन्या कागदाजवळ शाईचं पेन नको, एक डाग पडला तर तो जन्मभराचा), भिंग, रंगाचा मऊ कोरडा ब्रश, पंधरा मीटरची टेप, बटरपेपर आणि साधी पाकिटं. घरात असलेल्या जुन्या फोटोंच्या प्रती मोठ्या आकारात छापून न्याव्यात. फोनच्या पडद्यावर ऐंशी वर्षांच्या डोळ्यांना चेहरे दिसत नाहीत आणि बोट लागलं की चित्र सरकतं. छापलेला कागद आजी मांडीवर घेतात, चष्मा पुसतात आणि मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत जातात.

पहिला दिवस, गुरुवार: आळी आणि माणसं

पुण्याहून वाई सुमारे नव्वद किलोमीटर. स्वारगेटहून एसटी मिळते. खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. रेल्वेने येणाऱ्यांना वाठार स्टेशन जवळचं, पण तिथून पुन्हा गाडी बघावी लागते, म्हणून बहुतेक जण रस्त्यानेच येतात. दुपारी बाराच्या आत पोचलेलं बरं.

वाईत पत्ता विचारायचा तो आळीचा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी ही गावाची जुनी रचना नदीला धरून आहे. प्रत्येक आळीला घाट आहे आणि प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी. "आमचे आजोबा वाईचे" एवढ्याने काही निघत नाही. आजोबा कुठल्या घाटाच्या उत्सवाला वर्गणी देत, हे कळलं की अर्धा शोध संपतो. आडनाव एक आणि घराणी चार, हा प्रकार इथे सर्रास आहे.

जेवणं आटोपल्यावर अडीच ते चार ही वेळ बायकांशी बोलायची. सकाळी त्यांना उसंत नसते, संध्याकाळी दिवाबत्ती आणि स्वयंपाक. पुरुष सहानंतर घाटावर किंवा पारावर सापडतात. दोघांना एकत्र बसवू नये. आजोबा बोलू लागले की आजी गप्प होतात, आणि घरातलं खरं दप्तर आजींच्या डोक्यात असतं: कोणाचं बाळंतपण कुठल्या खोलीत झालं, कोणाला दृष्ट लागायची, कुठली जाऊ माहेरी गेली ती परत आली नाही.

विचारण्याची रीत हा या सगळ्या प्रवासाचा कणा आहे. "तुझं लग्न कुठल्या साली झालं?" असं विचारलं की "काय माहीत बाई, लई वर्षं झाली" हे उत्तर ठरलेलं. गावातली माणसं साल लक्षात ठेवत नाहीत, घटना ठेवतात. म्हणून घटनांच्या खुंट्या आधी वहीत मारून घ्याव्यात आणि प्रत्येक आठवण जवळच्या खुंटीला टांगावी. या भागात उपयोगी पडणाऱ्या खुंट्या अशा: १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ (ही आता ऐकीवच मिळते), १९४३ ते ४६ चं पत्री सरकार (इंग्रजांविरुद्धचं भूमिगत प्रतिसरकार), ३० जानेवारी १९४८ नंतरचं जळीत, १ एप्रिल १९५७, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईतल्या गिरण्यांचा संप.

यात भूकंपाची खुंटी सगळ्यांत पक्की. तो पहाटे चारच्या सुमारास झाला, सगळे झोपेत होते, त्यामुळे कोण कुठे निजलं होतं हे प्रत्येकाला आठवतं. "आत्या, भूकंप झाला तेव्हा तू कुठे निजली होतीस?" एवढा प्रश्न पुरतो. "माजघरात, थोरली पोटात होती, तुझ्या आजोबांनी मला हाताला धरून चौकात आणलं." या एका वाक्यातून थोरल्या मुलीचं जन्मसाल, आत्याचं तेव्हाचं घर, आजोबा त्या रात्री गावात असल्याचा पुरावा आणि घराला चौक असल्याची माहिती अशा चार गोष्टी मिळतात.

१ एप्रिल १९५७ ची खुंटी दुहेरी आहे. त्या दिवशी नवे पैसे चलनात आले आणि तोच दिवस मुंबई राज्याच्या कूळकायद्यात कृषक दिन ठरला. कसणारं कूळ त्या तारखेपासून जमिनीचं मालक मानलं गेलं. त्यामुळे "आण्याचे पैसे झाले तेव्हा" आणि "जमीन गेली तेव्हा" किंवा "जमीन आली तेव्हा" ही बोलणी एकाच वर्षाची असू शकतात. घर कुळाचं की मालकाचं, यावर त्या वर्षाची आठवण कडू आहे की गोड हे ठरतं. ज्या घरची असेल तशीच ती लिहून घ्यावी, वाद घालू नये.

जळिताबद्दल विचारताना जपून. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा जिल्ह्यात अनेक ब्राह्मणांची घरं जाळली गेली, आणि घरांबरोबर दप्तरं गेली. अशा घरात कागद नाहीत याचा अर्थ कोणी जपले नाहीत असा नव्हे. तिथे कागदाचं काम नातेवाइकांच्या घरी, मुलीच्या सासरी किंवा सरकारी नकलेतूनच करावं लागतं. आजी विषय बदलत असतील तर बदलू द्यावा.

घोळ होतो तो नावांचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे एकच नाव एक पिढी सोडून परत येतं. बोलणाऱ्याच्या मनातले "रामभाऊ" आजोबा की पणजोबा, हे प्रत्येक वेळी विचारून घ्यावं. बायकांची दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं, आणि वारसाच्या कागदावर यातलं कुठलं येईल याचा नेम नाही. त्यात घरोघरी अण्णा, तात्या, नाना, बापू, माई, अक्का. थोरल्याला अण्णा म्हणायची पद्धत असलेल्या घरात तीन पिढ्यांत तीन अण्णा निघतात. म्हणून वहीत प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवून वर चार रकाने आखावेत: ठेवलेलं नाव, हाक मारायचं नाव, माहेर-सासर, आणि सांगणाऱ्याचं त्याच्याशी नातं. चौथा रकाना लोक विसरतात आणि सहा महिन्यांनी "मामा" म्हणजे कोणाचा मामा हे कोणालाच कळत नाही.

आवाज टिपायचा असेल तर विचारून टिपावा आणि फोन विमान मोडवर टाकावा. मधेच कोणाचा फोन आला की ध्वनिमुद्रण तुटतं. पंख्याखाली बसू नये, नुसती घरघर ऐकू येते. दीड तास झाला की आपणच उठावं. दुसऱ्या दिवशी चहाला येतो असं सांगून निघालं की रात्रभर आजींच्या मनात जुनं घोळत राहतं आणि उद्याची बैठक आजच्यापेक्षा चांगली होते.

दुसरा दिवस, शुक्रवार: तहसील कचेरी

कचेरी पावणेदहाला उघडते. नकलेची खिडकी मात्र माणूस जागेवर बसला की उघडते. साडेदहाला पोचावं.

"आमच्या घराण्याचे सगळे कागद हवेत" असा अर्ज घेऊन जाणाऱ्याला रिकाम्या हाताने परत यावं लागतं, आणि यात कारकुनाचा दोष नसतो. रेकॉर्ड आडनावावर लावलेलं नसतं, ते गाव, नमुना, क्रमांक आणि साल यांवर लावलेलं असतं. तेव्हा आजच्या कागदावरून मागे मागे जायचं. आजचा सातबारा (गाव नमुना सात आणि बारा) संगणकावर मिळतो. खातेदाराच्या नावाजवळ आणि इतर हक्कांच्या रकान्यात वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. त्यात जमीन कोणाकडून कोणाकडे, केव्हा आणि कशामुळे गेली हे वाक्यात लिहिलेलं असतं. वारसाचा फेरफार म्हणजे तर तयार वंशावळ: मयताचं नाव, मृत्यूची तारीख, वारसांची नावं, नातं आणि बहुधा वयही. त्या फेरफारावरून आधीचा खातेदार कळतो, त्याच्या नावाजवळ त्याआधीचा क्रमांक असतो. असं पायरी पायरीने मागे जाता येतं.

साखळी तुटते ती दोन ठिकाणी. पहिली जागा एकत्रीकरणाची. १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं आणि पुढे गावोगाव योजना लागू झाल्यावर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजोबांच्या तोंडी "सर्व्हे नंबर" असतो, सातबाऱ्यावर "गट नंबर", आणि दोन्ही आकडे एकच समजून अर्ज केला की दुसऱ्याच माणसाचा कागद हाती येतो. एकत्रीकरणाचा उतारा वेगळा मागावा, त्यात जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी असतात. दुसरी जागा पुनर्लेखनाची. हाताने लिहायचे सातबारे साधारण दर दहा वर्षांनी नव्या पुस्तकात उतरवले जात. उतरवताना "सखाराम"चा "सीताराम" झाला तर पुढे तेच चालत राहतं. शंका आली तर आधीच्या दशकाचा उतारा मागून ताडून बघायचा.

आद्याक्षरं वाचता आली पाहिजेत. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे अक्षर दिसलं की समजावं, जमीन एकाच्या नावावर दिसत असली तरी मागे सगळे भाऊ उभे आहेत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असताना बाप गेला आणि आईच्या किंवा काकाच्या नावे नोंद लागली, ही सगळी कहाणी त्या तीन अक्षरांत असते. कुठे हिस्सा आणे-पैत दिलेला असतो. पूर्ण म्हणजे सोळा आणे, आणि बारा पैचा एक आणा. "५ आणे ४ पै" दिसलं की तीन भावांतला एक वाटेकरी, आणि पुढच्या फेरफारात "२ आणे ८ पै" आलं की त्या भावाला दोन वारस. कधी न ऐकलेला एखादा भाऊ अशा अपूर्णांकातूनच सापडतो.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या फेरफारांत मुलींची नावं बहुधा नसतात. कायदा झाल्यावरही कित्येक वर्षं ती हक्कसोडीच्या वाक्यातच भेटतात. कागदावरची वंशावळ म्हणून मुलांपुरती राहते. मुली शोधायच्या तर गुरुवारच्या वहीकडेच परत यावं लागतं.

जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. १९६९ चा नोंदणी कायदा येण्याआधीच्या पिढ्यांचा हा मोठा आधार. इथे लोक मुलाचं नाव शोधतात आणि सापडत नाही म्हणून निघून जातात. नोंद बारशाआधी लागलेली असते, त्यामुळे मुलाचं नाव लिहिलेलंच नसतं. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं. शोध बापाच्या नावावर घ्यायचा. जुनी पुस्तकं मोडी लिपीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी अशा पुस्तकांचं मोठ्या प्रमाणावर स्कॅनिंग झालं आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर नोंदी चढल्या. जमिनीचे जुने अभिलेखही "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर बघता येतात. घरून निघण्याआधी तिथे एक फेरी मारली तर कचेरीतला अर्धा दिवस वाचतो.

अर्जात गाव, तालुका, नमुना, गट किंवा सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, साल आणि कारण लिहायचं, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची. एका अर्जात एकाच प्रकारचा कागद मागावा. चार प्रकार एकत्र मागितले की त्यातला एक मिळेपर्यंत चारही अडून राहतात. पोच घ्यायला विसरू नये. गावठाणातल्या घरासाठी सातबारा नसतो. तिथे नगर भूमापन क्रमांक सांगून भूमी अभिलेखच्या कचेरीतून मिळकत पत्रिका घ्यायची.

एवढ्यात तीन वाजतात. उरलेला वेळ कालच्या आजींचा.

तिसरा दिवस, शनिवार: शाळा, घर आणि ट्रंक

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मुख्याध्यापकांना थोडी सवड असते, त्या वेळी दाखल-खारीज रजिस्टर बघायला मिळू शकतं. आधी लेखी विनंती द्यावी आणि साधारण साल सांगावं. रजिस्टरात मूळ गाव, पालकाचा धंदा आणि आधीची शाळा मिळते, हे सोनं. जन्मतारीख मात्र डोळे झाकून घेऊ नये. जून महिन्यात बाप मुलाला घेऊन आला, तारीख माहीत नाही, मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहिली, असं महाराष्ट्रभर झालेलं आहे. १ जून दिसला की साल अंदाजे धरायचं आणि तारीख सोडून द्यायची.

मग घर. जुनं घर मोजायचं ते खणांनी. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. तो घरागणिक बदलतो, म्हणून टेप लावून एक खण मोजावा आणि बाकीचे नुसते मोजत जावेत. जुन्या खरेदीखतात "चार खणी घर, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस आड" अशी चतुःसीमा असते. आज तीच भिंत दोन भावांत वाटली गेली असेल तर खण मोजूनच मूळ घर कळतं. कागदावर ओसरी, सोपा, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, परसू असा आराखडा काढावा आणि तो घेऊन आजींना त्यातून फिरवावं. चालताना आठवतं ते बसून आठवत नाही. "इथे जातं होतं" म्हटलं की पहाटे दळायला कोण उठे ते येतं. "हा कोनाडा कंदिलाचा" म्हटलं की काच राखेने कोण पुसे आणि फुटली तेव्हा कोणाला मार बसला ते येतं.

फडताळावर पितळी किंवा लाकडी मापं सापडतात. ती ओळीने मांडावीत: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. शेर आणि मण गावोगाव थोडे बदलत, पण उतरंड हीच. काठाला आतून बोट फिरवलं की रोजच्या वापरातलं माप ओळखू येतं. त्याचा काठ झिजून गुळगुळीत झालेला असतो, बाकीच्यांचा खरखरीत. बलुतेदारांना धान्य ज्या मापाने घातलं जाई ते माप कुठलं, हे विचारावं. त्यावरून घराचा आणि गावाचा व्यवहार उलगडत जातो.

ट्रंक शेवटी उघडायची, दिवसाउजेडी, जमिनीवर स्वच्छ जुनं धोतर पसरून. उघडली की आधी वरून एक फोटो काढून घ्यावा. कुठला कागद कशावर होता हीही माहितीच आहे. थरामागून थर काढायचा आणि प्रत्येक थराचं पाकीट वेगळं ठेवायचं. वर बहुधा लग्नाचं पातळ आणि पासबुकं, मध्ये पत्रिका, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, खाली जमिनीचे कागद. तळाला घातलेलं वर्तमानपत्र फेकू नये. त्यावरची तारीख म्हणजे ट्रंक शेवटची कधी रिकामी करून भरली याची नोंद. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असलेल्या माणसाच्या घरी मनीऑर्डरची कुपनं जपलेली असतात. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात चाळीचं नाव आणि खोली, आणि मजकुराच्या चार ओळींत "पावसाची खबर कळवणे". मुंबईतल्या आजोबांनी कुठल्या वर्षी खोली बदलली हे अशा कुपनांच्या गठ्ठ्यावरून महिन्यागणिक लागतं.

कागद ओल्या फडक्याने पुसू नये, ब्रशने कडेकडे झाडावा. घडीवर तुटत असेल तर उलगडू नये, आहे तसा बटरपेपरात ठेवावा. चिकटपट्टी लावणं हा सगळ्यांत मोठा घात. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. लॅमिनेशनही नको, ते परत निघत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट तिरप्या उजेडात फोटो घ्यावा. फोटोची मागची बाजू बघायला विसरू नये. स्टुडिओचा शिक्का तिथे असतो.

जन्मपत्रिकेवर साल शालिवाहन शकाचं असतं. इसवी सन काढायचा तर चैत्र पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. इथेच चुका होतात, कारण माघातल्या जन्माला लोक ७८ मिळवून एक वर्ष कमी करतात. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव पडताळ्याला उपयोगी. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे ३ सप्टेंबर १९२३ चे. त्या सुमाराच्या पत्रिकांवर शके १८४५, रुधिरोद्गारी संवत्सर असणार. साठ वर्षांनी नाव परत येतं, म्हणून शक पुसला गेला आणि संवत्सर वाचता आलं तरी साल लागतं. आजोबा १९२३ चे की १९८३ चे असा घोटाळा कोणाच्या घरात होत नाही.

चौथा दिवस, रविवार: नदी, मेणवली, हळद

सकाळी सातला गणपती घाटावर यावं. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फाटावं म्हणून. घाटाच्या पायऱ्या आठवणींसाठी फार कामाच्या आहेत. पाणी कुठवर आलं होतं हे माणसं पायरी दाखवून सांगतात. पायऱ्या मोजून आकडा वहीत लिहावा.

कृष्णाबाईचा उत्सव चालू असेल तर त्या आळीच्या मांडवात दुपारी पंगतीला बसावं. पान वाढणारे, वर्गणीची वही सांभाळणारे, पालखीचा मान असणारे यांच्याशी बोलावं. घराण्याचा मान कुठल्याच सातबाऱ्यावर नसतो. पालखीचा पुढचा दांडा कोणाचा, पहिला नैवेद्य कोणाचा, हे फक्त तोंडी चालत येतं. शेजारच्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडाला टांगून फिरवायचा गाडा, निघतं. तिथेही मान घराण्याला बांधलेला असतो. भावकी विखुरली की आधी विसरतो तो हाच भाग, म्हणून तो लिहून ठेवणं फार गरजेचं वाटतं.

मेणवली तीन किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि ती प्रसिद्ध घंटा, जिच्यावर बाळ येशूसह मेरी आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या १७३९ च्या विजयानंतर ती इकडे आली. आपलं घर पडलेलं असेल तर सोपा, चौक, दिंडी दरवाजा हे शब्द प्रत्यक्ष कसे दिसतात ते इथे बघावं आणि मग आजींच्या वर्णनाकडे परत जावं.

दुपारनंतर मळ्याकडे गेलं तर हळद शिजताना दिसते. गड्डे आणि हळकुंडं आधी वेगळी करतात, कारण जाड गड्ड्याला जास्त वेळ लागतो आणि एकत्र घातलं की एक कच्चं राहतं, दुसरं गळतं. काहिलीत तासभर शिजवतात. फेस येऊन वास सुटला आणि काडी सहज आत गेली की उतरवायची. कच्ची राहिली तर वाळताना ठिसूळ होऊन रंग एकसारखा येत नाही, फार शिजली तर रंग मरतो. दहा-पंधरा दिवस उन्हात वाळली की ड्रममध्ये घोळवून सालं काढतात. शंभर किलो ओल्यातून वीसेक किलो वाळकी हळद मिळते. पूर्वी हे काम पाळीपाळीने सगळी भावकी करी, एका काहिलीवर. कोणाची काहील होती आणि पाळी कशी लागे हे विचारलं की कोणाचं कोणाशी पटत होतं तेही कळतं.

वरच्या खोऱ्यातली मंडळी असतील तर धोम धरणाकडे जाण्याचा हट्ट धरावा. बुडीत गावांतल्या माणसांना घर दाखवता येत नाही, पण काठावर उभं राहून "त्या झाडाच्या रेषेत आमचं खळं" एवढं सांगता येतं. ती दिशा आराखड्यावर बाणाने दाखवून ठेवावी.

पाचवा दिवस, सोमवार: नकला आणि मोडी

पोच दाखवून नकला घ्यायच्या. खिडकीवरच उभं राहून प्रत्येक पानावर शिक्का, सही आणि मूळ पानाचा क्रमांक बघून घ्यावा. घरी गेल्यावर कडेचा रकाना कापला गेल्याचं लक्षात येतं आणि नेमका फेरफार क्रमांक त्यातच असतो. कागद जीर्ण असल्यामुळे नक्कल देता येत नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्यावं.

मोडी कागद असतील तर घाईने कोणाला देऊ नयेत, आधी दोन्ही बाजूंचे फोटो. मोडीत आधी ओळीभर शिरोरेघ ओढून मग खाली अक्षरं लिहितात आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला सगळंच एक वाटतं. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली कालगणना, असतो, तोही अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने, एककापासून हजारापर्यंत. "सीत सितैन मया व अलफ" म्हणजे सहा, साठ, शंभर आणि हजार: ११६६. त्यात ५९९ मिळवले की १७६५. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवायचे. शेजारी शके १६८७, पार्थिव लिहिलेलं असेल तर हिशेब बरोबर जुळला. आपल्या घराचा वाईशी संबंध त्या काळातला असेल तर पुढचा शोध पुण्यात, पेशवे दप्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात घ्यायचा.

एसटीला अजून तासभर असतो. तेवढ्यात वंशावळीचा कागद, मोठ्या अक्षरांत, आजींकडे ठेवून यावा. मुलींच्या जागी रिकामे चौकोन सोडावेत, आणि एक पेन्सिल दोऱ्याने त्याच कागदाला बांधून द्यावी.